पाण्यातले सहा सेंटिमीटर

माझी मुलगी जन्मली आणि दोनदा रडली. तिसऱ्यांदा रडणं आलं नाही, कण्हणं आलं. दर श्वासाच्या शेवटी एक बारीक ‘अंह’. थकलेलं माणूस झोपेत कण्हतं तसं, पण एका लयीत. टेबलावर पडल्या पडल्या मला वाटलं, तिला काहीतरी दुखतंय. कुणाला तरी सांगावं म्हणून मी मान वळवली, पण तोवर तिला पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यापर्यंत गुंडाळून, नाकातोंडावर इवलासा मास्क धरून पलीकडे नेलं होतं. पिशवी अंगातली ऊब टिकावी म्हणून असते, हे नंतर कळलं. त्या क्षणी ती पिशवी बघून माझ्या पोटात गोळा आला होता.

दिवस भरले होते २९ आठवडे आणि वर २ दिवस. वजन १,१२० ग्रॅम. पाणमोट दोन दिवस आधीच फुटली होती आणि मी आडवी पडून एकेक तास पुढे ढकलत होते. त्या दोन दिवसांत मला २४ तासांच्या अंतरानं दोन इंजेक्शनं दिली. ‘बाळाच्या फुफ्फुसांसाठी’ एवढंच सांगितलं. सुई मला आणि फुफ्फुसं तिची, हे माझ्या डोक्यात नीट बसेना. पुढे कळलं की न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर अभ्यास करत होते. ज्या कोकरांनी अपुऱ्या दिवसांमुळे श्वास घ्यायलाच नको होता, ती स्टेरॉइड मिळाल्यावर श्वास घेत होती. त्यांनी आणि त्यांचे सहकारी हॉवी यांनी १९७२ साली गरोदर बायकांवरचे निष्कर्ष छापले. माझी दोन्ही इंजेक्शनं पूर्ण झाली आणि काही तासांतच ती आली. ते काही तास मिळाले याचं मोल मला अजून मोजता येत नाही.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, मी पहिल्यांदा गेले ती व्हीलचेअरवरून. बाळ शोधावं लागलं. डोक्यावर घट्ट टोपी, टोपीला दोन्ही बाजूंनी बांधलेल्या दोन नळ्या, त्या नळ्या नाकाशी येऊन एका मऊ तुकड्याला जोडलेल्या आणि त्या तुकड्याची दोन आखूड टोकं नाकपुड्यांत. त्यांना प्राँग्ज म्हणतात. तोंडातून एक बारीक नळी पोटात. पायाला लाल दिवा लागलेली पट्टी. चेहरा असा दिसलाच नाही. दिसली ती हनुवटी आणि मिटलेल्या डोळ्यांच्या दोन रेघा. आणि छाती. श्वास घेताना छाती वर यायला हवी, तर तिची आत जात होती. बरगड्यांच्या मधली जागा आत, बरगड्यांखालची कड आत, छातीच्या हाडाखाली खळगा. पोट मात्र वर. तिचं सगळं अंग त्या एका कामाला लागलं होतं.

बाजूला भिंतीशी पाण्याची एक बाटली होती आणि तिच्यातून सतत बुडबुडे येत होते. गुडगुड, गुडगुड, जराही न थांबता.

सिस्टर कागदावर नोंद करत होत्या. ‘सहा,’ त्या डॉक्टरांना म्हणाल्या. मी विचारलं, कितीपैकी? ‘दहापैकी.’ मला बरं वाटलं, सहा म्हणजे वाईट नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्यांच्या लक्षात आलं. ‘ताई, यात शून्य सगळ्यात चांगलं,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. पाच खुणा बघतात: छातीचा वरचा भाग पोटाबरोबर हलतो का, बरगड्यांमधली जागा ओढली जाते का, छातीच्या हाडाखाली खळगा पडतो का, नाकपुड्या फुलतात का आणि कण्हण्याचा आवाज येतो का. प्रत्येकीला शून्य ते दोन. पुढचे तीन आठवडे मी घड्याळ सोडून याच आकड्यावर दिवस मोजले.

डॉक्टर मॅडमनी दुपारी आम्हा दोघांना बसवून समजावलं. फुफ्फुसात हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्या आतून ओल्या असतात. ओल्या प्लास्टिकची दोन पानं एकमेकांना चिकटतात तशा या पिशव्या श्वास सोडताना मिटून चिकटू पाहतात. त्या चिकटू नयेत म्हणून फुफ्फुस आतून साबणासारखा एक पदार्थ तयार करतं, सर्फॅक्टंट. तो पुरेसा व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. हिच्याकडे तो फार थोडा. त्यामुळे तिच्या पिशव्या दर वेळी मिटतात आणि दर वेळी तिला पहिल्यापासून उघडाव्या लागतात. ‘नवा फुगा फुगवताना पहिल्या फुंकरीला गाल दुखतात, आठवतं? ती प्रत्येक श्वासाला पहिली फुंकर मारतेय.’

मग त्या कण्हण्याबद्दल बोलल्या, आणि माझ्यासाठी सगळं तिथे बदललं. तो आवाज दुखण्याचा नव्हता. श्वास सोडताना ती घशातल्या स्वरपट्ट्या अर्धवट मिटून हवा अडवून धरत होती. सगळी हवा निघून गेली तर पिशव्या मिटतील, म्हणून थोडी आत राखून ठेवत होती. कुणी शिकवलं नाही, जन्माला येऊन काही मिनिटं झालीत, आणि ११२० ग्रॅमचा तो जीव हवा राखून ठेवत होता. मी तिथेच रडले. नवऱ्यानं माझा हात धरला, त्याचाही थरथरत होता.

नळ्यांची आणि बाटलीची ती सगळी जोडणी म्हणजे सीपॅप, आणि ते करतं ते नेमकं हेच. गरम केलेली, दमट हवा सतत नाकातून आत जाते. बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात ठरावीक खोल बुडवलेलं असतं. ते सहा सेंटिमीटर खाली असेल, तर तेवढ्या पाण्याचा दाब ओलांडल्याशिवाय हवेला बाहेर पडता येत नाही आणि तेवढा दाब बाळाच्या छातीत कायम राहतो. म्हणून पिशव्या पुरत्या मिटत नाहीत. एवढंच. आम्ही ‘मशीनवर आहे’ असं सगळ्यांना फोनवर सांगत होतो, आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं की मशीन तिला श्वास देतंय. श्वास तीच घेत होती. कण्हून जे ती करू पाहत होती, ते काम पाण्यानं उचललं होतं.

या उपायाची पहिली मोठी नोंद १९७१ सालची, जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, सॅन फ्रान्सिस्कोतली. २० बाळं, त्यातली १६ वाचली. तेव्हा बहुतेकांना श्वासनलिकेत नळी घालूनच दाब दिला होता. नाकातून देणं नंतर रुळलं. नवऱ्याला झोप लागत नसे, तो रात्री असलं काही वाचत बसायचा. त्यानंच सांगितलं की १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला होता, साडेपाच आठवडे आधी, वजन दोन किलोच्या वर. याच आजारानं तो ३९ तासांत गेला. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचं मूल, आमच्या मुलीच्या जवळपास दुप्पट वजनाचं. सर्फॅक्टंटची उणीव हेच मूळ कारण आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी त्याच्या चार वर्षं आधी दाखवलं होतं, पण हातात देण्यासारखं औषध अजून नव्हतं. त्या रात्री बाटलीतल्या पाण्याकडे बघताना मला त्या बाईची आठवण येत राहिली, जिच्या बाळासाठी ती बाटली नव्हती.

जन्मानंतर सहा तासांनी तिला दिल्या जाणाऱ्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण २५ टक्क्यांवरून ४० वर न्यावं लागलं. एक्स-रेमध्ये फुफ्फुसं काचेवर वाफ धरावी तशी धुरकट दिसत होती. दाब होता, पण तो पुरत नव्हता. मॅडम म्हणाल्या, सर्फॅक्टंट बाहेरून द्यायचं. प्राण्यांच्या फुफ्फुसांपासून बनवलेलं, दुधासारखं पांढरं, सिरिंजमध्ये पावणेतीन मिलीच्या आसपास. पूर्वी यासाठी श्वासनलिकेत जाड नळी घालून बाळाला व्हेंटिलेटरवर घ्यायचे. आता बाळ सीपॅपवरच असताना, स्वतः श्वास घेत असताना, एक बारीक नळी क्षणभर आत सरकवून औषध हळूहळू सोडतात आणि नळी काढून घेतात. आम्हाला बाहेर थांबवलं. दाराच्या काचेतून फक्त पाठी दिसत होत्या. वीस मिनिटांनी बोलावलं तेव्हा ऑक्सिजन ३५ वर आला होता. तासाभरात ३०, रात्री २५. आणि कण्हणं थांबलं होतं. मी कान देऊन ऐकलं, फक्त गुडगुड.

पहिल्या दिवशी मी मॉनिटरवर तिच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघायचे. ९३, ९१, ९४. मला वाटायचं, शंभर का नाही करत? ऑक्सिजन आहे ना भिंतीत, द्या की. एकदा आकडा ९८ वर गेला आणि मी खूश झाले, तर सिस्टरनी येऊन ऑक्सिजन कमी केला. मला रागच आला. मग त्यांनी सांगितलं की बाहेरून ऑक्सिजन चालू असताना या बाळांना ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतात. जास्त ऑक्सिजननं डोळ्यांच्या पडद्यातल्या कोवळ्या रक्तवाहिन्या बिघडतात. १९४०-५० च्या दशकांत मोकळ्या हातानं ऑक्सिजन दिलेली कितीतरी बाळं आंधळी झाली. त्यानंतर ९६ दिसलं की मीच सिस्टरना हाक मारायची.

मला सगळं शिकवलं ते याच सिस्टरनी. वयानं मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्या आधी बाळाकडे बघायच्या, मग नळीकडे, सगळ्यात शेवटी मॉनिटरकडे. मलाही तीच सवय लावली. बुडबुडे थांबले तर काय बघायचं? बाळापासून सुरुवात करायची. प्राँग नाकातून निसटला का, तोंड उघडं आहे का, मग नळीचा एकेक जोड, मग पाण्याची पातळी. नळीत वाफेचं पाणी साचतं, ते बाळाकडे जाऊ न देता काढावं लागतं. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली नसती तर मला कधीच सुचली नसती. बुडबुडे येतायत याचा अर्थ नळीत दाब आहे, एवढाच. नाक शेंबडानं बंद झालं असेल तरी बाटली गुडगुडत राहते आणि बाळाच्या छातीत काही पोचत नाही. ‘बाटली फसवते ताई. छाती फसवत नाही.’

तिसऱ्या दिवशी तिचं पोट ढोलकीसारखं फुगलं. पोटावरच्या निळ्या शिरा दिसायला लागल्या. मी घाबरून डॉक्टरांना गाठलं. त्यांनी पोट हातानं दाबून पाहिलं, मऊ होतं. नाकातून जाणारी हवा थोडी पोटातही उतरते. तोंडातली नळी मोकळी ठेवून ती बाहेर काढायची असते. माझं काढलेलं दूध त्याच नळीनं दर काही तासांनी जायचं, सुरुवातीला एक एक मिली. तेवढ्याशा दुधासाठी मी पाऊण तास बसायचे आणि सिरिंज हातात घेऊन जाताना एक थेंब सांडू नये म्हणून पावलं मोजत चालायचे.

चौथ्या दिवशी सकाळी नाकाच्या मधल्या पडद्यावर लाल रेघ दिसली. रात्री बाळं जास्त होती, हात कमी. प्राँगचा मधला भाग नाकाला टेकून राहिला होता. तिथे दोन मिलिमीटर तरी फट दिसली पाहिजे, हे मला तोवर ठाऊक झालं होतं, आणि रात्री दोनला मी तिथे नव्हते. माझ्या मनात फार कडू विचार आले. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या नर्स मुलीला मी काही बोलले नाही, पण तिला माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार. हा पडदा कोवळा असतो. दाब राहिला तर कातडी जाते, मग मांस झिजतं आणि नाकाचा आकार कायमचा बिघडू शकतो. त्या दिवसापासून काही तास प्राँग, काही तास नाकावर बसणारा छोटा मास्क, असं आलटून पालटून सुरू झालं. मास्क नाकाच्या मुळाशी टेकतो, प्राँग खाली, म्हणजे एका जागेला विश्रांती. शिवाय नाकाखाली जपणारी एक पातळ पट्टी. रेघ चार दिवसांत फिकी झाली. नाक दर तासाला बघायची माझी सवय मात्र गेली नाही. बघण्याचं हे काम कुठल्याही यंत्राला जमत नाही आणि त्याच्यासाठी माणसं पुरेशी लागतात. हे मला कुणी विचारलं तर मी ओरडून सांगेन.

पाचव्या दिवशी ती श्वास घ्यायला विसरली. मी समोर होते. छाती थांबली. मॉनिटर अजून शांत होता, मग आकडे गडगडायला लागले: ८५, ७८, ७२, हृदयाचे ठोके १५० वरून ८४. अलार्म. सिस्टरनी इन्क्युबेटरच्या डबीत हात घालून तळपायावर टिचकी मारली, पाठीवरून बोट फिरवलं. एक श्वास आला, मग दुसरा. मी उभी होते त्या जागी खाली बसले. मेंदूतलं श्वासाचं केंद्रच कोवळं असतं, त्यामुळे असं होतं; पहिल्या दिवसापासून कॅफीन सुरू होतं ते यासाठीच. सीपॅपचाही उपयोग होतो, घसा मिटून अडणारे श्वास त्या दाबानं मोकळे राहतात. पुढच्या दिवसांत असे झटके आणखी आले. काहींत ती आपली आपण सावरली. कागदावर प्रत्येक वेळी दोनच शब्दांची नोंद असायची: ‘स्वतः सावरली’. तो कागद मी मागून घेतलाय.

सहाव्या दिवशी तिला माझ्या छातीवर दिलं. नळ्यांसकट. दोघींनी मिळून उचललं, एकीनं बाळ, एकीनं नळ्या. नळ्या माझ्या खांद्याला चिकटवल्या, बाटली होती तिथेच. अंगाला अंग. हनुवटी किंचित वर, मान दुमडू द्यायची नाही, मान दुमडली की वाट मिटते. मी तासभर हलले नाही. तिच्या ठोक्यांचा आकडा एकदाही खाली आला नाही. ऑक्सिजन २३ टक्क्यांवर होता, तो सिस्टरनी हवेइतका, २१ केला आणि तसाच राहिला.

अकराव्या दिवशी सीपॅप काढून पाहिलं. आम्ही दोघं सकाळपासून येऊन बसलो होतो. नळ्या निघाल्या, चार तास छान गेले, नवऱ्यानं फोटोही काढले. पाचव्या तासाला बरगड्यांखालची ती कड पुन्हा आत जायला लागली. माझ्या ते आधी लक्षात आलं आणि मी बोलले नाही. दहा मिनिटं मी बोलले नाही. त्या दहा मिनिटांची मला लाज वाटते, म्हणून लिहितेय. मग सिस्टरना खूण केली. सातव्या तासाला पुन्हा टोपी, पुन्हा नळ्या. मॅडम म्हणाल्या, यात हार काही नाही, दाबाखाली फुफ्फुस वाढतंसुद्धा, थोडे दिवस द्या. मला ते पटलं नव्हतं. घरी येऊन मी जेवले नाही.

मधले दिवस एकसारखे गेले. दूध, नाक, छाती, वजन. पाण्यातली नळी सहावरून पाचवर आली. एक गोष्ट मात्र त्या दिवसांत माझ्यात रुजली, ती सांगते. ती रडली की तोंड उघडायचं, दाब तोंडातून निघून जायचा आणि बुडबुडे थांबायचे. त्यामुळे तिच्या रडण्याची मला भीती बसली. ओठ थरथरले की मी डबीच्या खिडकीतून हात घालून तिचं डोकं आणि पाय दोन्ही तळव्यांत धरायचे, हनुवटी बोटानं हलकेच वर करायचे आणि कान बाटलीकडे लावायचे. गुडगुड सुरू झाली की मी श्वास सोडायचे. आपलं मूल रडू नये म्हणून नाही, तर पाण्याचा आवाज थांबू नये म्हणून मी तिला गप्प करत होते.

तेविसाव्या दिवशी, ३२ आठवडे ४ दिवस भरले असताना, सीपॅप दुसऱ्यांदा काढलं. या वेळी फोटो नाहीत. पाच तास, आठ तास, रात्र. मी रात्रभर छाती बघत होते. सकाळी नोंद शून्य. टोपी काढली तर कपाळावर पट्टीचा वळ होता आणि केस एका बाजूला चिकटलेले. नाक पूर्ण दिसलं. मधला पडदा नीट होता, मी तीनदा बघितला.

मग त्या सिस्टर तिचं वजन करायला आल्या. काट्याचा गार स्पर्श झाला आणि तिनं तोंड उघडलं. जन्माच्या वेळचं मांजरासारखं नाही. सगळा चेहरा लाल, मुठी आवळलेल्या, आवाज पार दरवाजापर्यंत. माझा हात आपोआप तिच्या हनुवटीकडे गेला आणि मान भिंतीकडे वळली, बाटलीकडे. तिथे बाटली नव्हती. मॉनिटरवर ९४, ९५, ९४.

‘रडू द्या की तिला,’ सिस्टर म्हणाल्या.

मी हात मागे घेतला.